चुलीवर न चढलेलं गोड

अंधेरी,
३ मार्च १९५७

ती. भाऊजी यांस,

पत्र मोठं आहे, कचेरीत उघडू नका, घरी गेल्यावर वाचा. कार्ड मुद्दाम टाकलं नाही. तुमच्या चाळीत कार्ड तुमच्या आधी सगळे वाचतात, आणि ह्यातलं काही शेवंतीआत्यांना तुमच्याच तोंडून कळलेलं बरं.

माणिक ठीक आहे. खोकला गेला. गणितात मागे पडली होती ती आता वर्गाबरोबर आली आहे. ताईला जाऊन आता चार महिने होतील. 'आई' हा शब्द ती अजून काढत नाही, म्हणून आम्हीही काढत नाही. तेराव्यानंतर मी तिला थोड्या दिवसांसाठी म्हणून घेऊन आले, त्यालाही तेवढेच दिवस झाले. तुम्ही मधे दोनदा आलात. दोन्ही वेळा चहा घेऊन गेलात.

आता मुद्द्याचं. आमच्या ह्यांची नागपूरला बदली झाली आहे. मेच्या सुरुवातीला निघायचं. माणिकला आमच्याबरोबर न्यावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. सुट्टीपुरतं नव्हे, कायमचं. तिकडच्या शाळेत घालू, शिकवू, सगळं करू. तुम्ही दिवसभर कचेरीत, आत्यांचं वय झालेलं, दहा वर्षांच्या पोरीचं करणार कोण? वाईट वाटून घेऊ नका, पण नीट विचार करा आणि पाडव्यापर्यंत हो की नाही ते कळवा.

बाकी तिला एक नवं वेड लागलंय. शेजारच्या फिलोमिनाबाईंचा ईस्टर पुढच्या महिन्यात आहे. त्यांच्याकडे केक भाजायची भट्टी नाही, म्हणून त्या न भाजता चॉकलेटचं एक गोड करतात. इराण्याकडची बिस्किटं कुटायची, त्यात कोको, लोणी, डब्यातलं आटवलेलं दूध आणि किसलेलं सुकं खोबरं घालून मळायचं, साच्यात दाबायचं आणि बर्फावर ठेवायचं. विस्तव लागतच नाही. माणिक शाळेतून आली की तिकडेच. काल कोपरापर्यंत काळी होऊन आली आणि म्हणाली, "मावशी, हे चुलीवर चढत नाही. मग पाडव्याला मुलुंडला चालेल का गं?" मी म्हटलं बाबांना विचारते. तर विचारलं.

तुमची
नीला


मुलुंड,
७ मार्च १९५७

सौ. नीलास,

पत्र मिळालं. हुकुमाप्रमाणे घरी वाचलं. बंद पाकीट पाहून चाळीची फार निराशा झाली. दोघांनी "सगळं ठीक ना?" म्हणून विचारलं, तिसऱ्याने पाकीट उजेडात धरून पाहिलं.

नंदकिशोरचं अभिनंदन कर. नागपूरचा उन्हाळा कडक असतो असं तुला प्रत्येक जण सांगेल, म्हणून मी सांगत नाही.

माणिकचं मला काय विचारतेस? यंदा घेणाऱ्यांचं वर्ष आहे. आमची विमा कंपनी सरकारने घेतली. मुलुंड महापालिकेने घेतलं, आम्ही आता अधिकृत मुंबईकर आहोत. निवडणुकीत मतं घ्यायला तीन पक्षांचे लोक तीन कर्णे घेऊन आले आणि आत्याने तिघांनाही हो म्हणून सांगितलं. त्यात एक मुलगी. मुलुंड मुंबईत गेलं त्या दिवशी नळाला पूर्वीइतकंच पाणी आलं. एवढा बदल झाला की माणसाला काहीतरी वाटतं म्हणतात. मी थोडी वाट पाहिली, मग अंघोळ केली.

इकडे सांगण्यासारखं काही नाही. परवा कचेरीतला विद्याधर जेवायला आला होता. पहिल्याच घासाला म्हणाला, आमटीत मीठ नाही. आत्या म्हणाली, गेला आठवडाभर विसरतेच आहे बहुतेक, श्याम काही बोलला नाही. मी खरंच काही बोललो नव्हतो. मला कळलं नव्हतं.

चॉकलेटचं आत्यापुढे काढलं. तिने नेहमीचा निकाल दिला: क्षमाला जाऊन वर्ष होईपर्यंत या घरात कढई चढणार नाही आणि गोडधोड होणार नाही. मी म्हटलं, यात कढई नाही, विस्तवही नाही. चुलीशिवाय गोड होतं हे तिला मान्य करायचं नव्हतं, पण ताक चुलीवर होत नाही हे तिला आठवलं असावं. मग विचारलं, आकार कसला असतो? ते तुझ्या पत्रात नाही. कळव.

श्यामकांत


अंधेरी,
१२ मार्च १९५७

ती. भाऊजी यांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोटची मुलगी द्यायची गोष्ट तुम्ही नळाच्या पाण्याशेजारी लिहिलीत. मला राग आला. हे म्हणाले, भाऊजी असंच बोलतात, तो होकारच समज. तेव्हा मी होकार समजून चालले आहे. नसेल तर सरळ लिहा, गमतीत लिहू नका. तुमच्या गमती मला कळतात असं तुम्हाला वाटतं, पण ताईला कळायच्या, मला कळत नाहीत.

साचा अंड्याचा आहे. ईस्टरला त्यांच्यात अंड्याचा आकार करतात. आत अंडं नाही, हे आत्यांना नीट सांगा.

गंमत म्हणजे हे सगळं चाललंय आणि खाणारं कोणी नाही. फिलोमिनाबाईंचा ईस्टरपर्यंत उपास सुरू झाला, त्यांना गोड वर्ज्य. त्या तोंडात न घालता नुसत्या वासावर सांगतात की कोको कमी पडला. माणिकही चाखत नाही. मी म्हटलं, अगं एक खा, तर मान हलवते. का ते सांगत नाही. आवडत नसेल म्हणावं, तर करते कशाला? सगळं यांच्या कचेरीत जातं. तिथे यांचा मान वाढलाय.

दुखवट्याच्या घरी पहिल्या सणांना माहेरच्या माणसांनी गोड घेऊन जायचं असतं. आमच्या आईबापांमागे ताईचं माहेर म्हणजे मीच. पाडव्याला मी येणारच होते, तर श्रीखंडाऐवजी हेच घेऊन येऊ, माणिकच्या हातचं. आत्यांनाही मोडता घालता येणार नाही. आणि त्याच दिवशी तिचे उरलेले कपडे आणि पुस्तकं घेऊन जाऊ.

नागपूरचं तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर बरं होईल.

नीला


मुलुंड,
१७ मार्च १९५७

सौ. नीलास,

अंड्याचा आकार मी आत्याला सांगायला नको होता. तिने हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"अंडं?"

"अंडं नाही. अंड्यासारखं."

"मग केळ्यासारखं करायला काय होतं त्यांना?"

याचं उत्तर सगळ्या ख्रिस्ती लोकांत मिळूनही असेल असं वाटत नाही. तेव्हा माणिकला सांग, पेढ्यासारखे कर. पुढे आत्याने कोको कशाचा असतो ते विचारलं. मी म्हटलं झाडाला लागतो. म्हणजे फळ, असं म्हणून तिने ते पोटात घातलं. मग लोणी मऊ करायला उन्हात ठेवतात का, आणि ऊन हा विस्तव धरायचा की नाही, यावर आमचा एक रविवार गेला. कचेरीत मी याहून बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर याहून जास्त वेळ घालवतो, त्यामुळे मला जड गेलं नाही.

शेवटी गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी चॉकलेट खाल्लेलं आहे, पण आत्यासमोर ते कबूल करणं त्यांना कठीण गेलं. ते म्हणाले, चुलीचा प्रश्नच नाही, प्रश्न हाताचा आहे. दुखवट्याच्या घरच्या माणसाने केलेलं गोड त्या घरात चालत नाही. बाहेरच्या माणसाने केलेलं, आणलेलं चालतं, म्हणून तर सोयरे घेऊन येतात. आत्या म्हणाली, मग झालं, नीला आणतेय. मी म्हटलं, आणतेय नीला, पण करणार माणिक.

गुरुजी म्हणाले, मग मुलगी कुठली धरायची? नागपूरला मावशीकडे जाणार असेल तर ती त्या घरची, तिच्या हातचं खुशाल खा. इथली धरलीत तर तिलाही वर्ष आहे, तिच्या हातचं या घरात चालणार नाही. हे घरच्या कर्त्याने ठरवायचं. एवढं बोलून ते आणि आत्या माझ्याकडे बघायला लागले. कर्ता म्हणजे मी, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मी म्हटलं, कळवतो. कचेरीतली सवय.

तुझ्या सांगण्याप्रमाणे माणिकचे कपडे काढून ठेवायला घेतले. निळा फ्रॉक तिला आता होईल की नाही ते मला सांगता येईना. आत्यालाही येईना. आम्ही दोघांनी तो दोन बाजूंनी धरून दारात उजेडात पाहिला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. त्यानंतर बाकीचे काढले नाहीत.

नागपूरचं तूच सांग. मी सांगायला आलो तर चहा घेऊन परत जाईन.

श्यामकांत


अंधेरी,
२२ मार्च १९५७

ती. भाऊजी यांस,

बिस्किटाच्या चुऱ्यावर एवढं शास्त्र मी आजवर ऐकलं नव्हतं. गुरुजींना दक्षिणा दिलीत का? दिली असेल तर वाया गेली. सोप्या गोष्टीचा तुम्ही गुंता करता आणि मग त्याच्या आड बसता.

माणिकला मी सांगितलं. ती बिस्किटं कुटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबांना विचारलं?" मी म्हटलं, हो. "काय म्हणाले?" आता मी काय सांगणार होते, नळाला पाणी आलं म्हणाले? मी सांगितलं, हो म्हणाले. ती म्हणाली बरं. मग पुन्हा कुटायला लागली. इतकं कुटलं की त्याचं पीठ झालं. फिलोमिनाबाई म्हणाल्या, अशाने ते बांधलं जाणार नाही. ते खरंच बांधलं गेलं नाही.

भाऊजी, एकदा स्पष्ट लिहिते. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. डॉक्टर झाले, देव झाले. हे काही बोलत नाहीत, पण माणिक आली तेव्हापासून संध्याकाळी सरळ घरी येतात, पूर्वी येत नव्हते. ताईची मुलगी मी माझी म्हणून वाढवीन, यात तिचं काही वाईट नाही. तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही. गेल्या खेपेला ती तुमच्या समोर बसली होती आणि तुम्ही यांच्याशी बोनसबद्दल बोलत होतात. तुम्ही गेल्यावर तिने तुमची कपबशी स्वतः विसळली, मोलकरणीला विसळू दिली नाही.

माझी एवढीच विनंती आहे. ती ते गोड घेऊन येईल तेव्हा 'चालेल' म्हणा. एक शब्द. शास्त्राचं राहू द्या, तो शब्द ऐकला की तीही समजेल आणि मीही समजेन. कार्डावर कळवलंत तरी चालेल.

माणिक आता पेढ्यासारखे करते. मधोमध अंगठा दाबते.

नीला


(कार्ड)

मुलुंड,
२७ मार्च १९५७

सौ. नीलास,

पाडव्याला जेवणाआधी या. गुढी नाही, पण भात आहे. अंधेरीत हे कार्ड जे कोणी वाचत असतील त्यांनी काळजी करू नये, इकडे सर्व ठीक आहे.

श्यामकांत


अंधेरी,
३ एप्रिल १९५७

ती. भाऊजी यांस,

कालचा दिवस मी पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुम्हाला वाचवलं नसतं. आजचंही फारसं वेगळं नाही.

ते गोड वितळू नये म्हणून आम्ही टॅक्सी केली. डबा बर्फात, बर्फ भुशात, भुसा पत्र्याच्या बादलीत आणि बादली तिच्या मांडीवर. घाटकोपरच्या पुढे बर्फाचं पाणी झिरपायला लागलं, तिचा फ्रॉक भिजला, तरी तिने बादली खाली ठेवू दिली नाही. त्याच दिवशी सरकारचे नवे पैसे सुरू झाले, म्हणून तुमच्या चाळीखाली टॅक्सीवाला हिशोबावरून यांच्याशी भांडला. तेवढा वेळ ती उन्हात झाकणावर हात ठेवून उभी होती. वर पाहिलं तर सगळ्या सज्ज्यांतून गुढ्या, आणि तुमच्या सज्ज्यात कोणाचा तरी पंचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही काय केलंत ते तुम्हाला दिसावं म्हणून लिहिते. तिने डबा तुमच्यासमोर पाटावर ठेवला. पेढे शाबूत होते, दोन सोडून. तुम्ही विचारलंत, "हे तू केलंस?" ती हो म्हणाली. "मावशीने हात लावला?" ती म्हणाली, "नाही. मावशीला जमत नाही." तुम्ही बराच वेळ डब्यात बघत राहिलात. आणि मग झाकण लावून म्हणालात, हे आम्हाला चालणार नाही.

एक शब्द मागितला होता मी. तुम्ही त्याच्या उलटा दिलात, आणि तोही पोरीच्या तोंडावर. नागपूरला न्यायला नाही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं होतं, मी मोठी आहे, मी सोसलं असतं. तिच्या हातचं नाकारायला तुमचं मन कसं झालं? आत्यासुद्धा खाली बघत होत्या.

आणि ती रडली नाही, हे मला जास्त लागलं. डबा उचलून आत गेली. निघताना मी चल म्हटलं तर म्हणाली, मी राहते. थकली असेल म्हणून मी ताणलं नाही. पण तिची शाळा बुडते आहे. शनिवारी हे न्यायला येतील. तिला तयार ठेवा, आणि तोवर तिच्याशी शास्त्राचं काही बोलू नका.

नीला


मुलुंड,
४ एप्रिल १९५७

सौ. नीलास,

शनिवारी नंदकिशोरने जेवायलाच यावं. माणिक त्याच्याबरोबर येईल. शाळा तिकडे आहे, तेव्हा परीक्षा होईपर्यंत ती तुझ्याकडे राहील. मेमध्ये तुम्ही निघालात की ती इकडे येईल. इथली शाळा मी काल जाऊन पाहिली. शाळेसारखीच आहे.

सरळ लिही म्हणाली होतीस, तेव्हा सरळ लिहितो. मी तिला नागपूरला पाठवणार नाही. तुझं बावीस तारखेचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. नऊ वर्षांचं जे लिहिलं आहेस, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढे दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत ती तुझ्याकडे येईल, तू मागायच्या आधी मी पाठवीन. त्याने तुझं भागणार नाही हे मला कळतं.

मला काही फार वाटलं म्हणून मी हे करतोय असं समजू नकोस. ती बादली घेऊन दारात उभी राहिली तेव्हाही मला काही वाटलं नाही. फ्रॉक भिजला आहे हे दिसलं. निळा नव्हता, नवा होता. वाटायचं तेव्हा वाटेल. आत्या म्हणते, तिचा नवरा गेल्यावर तिला तिसऱ्या वर्षी रडू आलं, तेही दळण दळताना. तोपर्यंत मुलीने कुठे राहायचं, तर इथे. आत्ताही ती इथेच आहे आणि आमटीत मीठ नसलं की सांगते.

आता त्या शब्दाचं. तू तिथे होतीस, पण रागात होतीस, म्हणून चुकीचा ऐकलास. मी 'हे आम्हाला चालणार नाही' म्हणालो नाही. 'हे आपल्याला चालणार नाही' म्हणालो. माझ्याकडे दुसरा काही शब्द नव्हता. राहा म्हणायला मला जमलं नसतं, गुरुजींनी दिलं होतं तेवढंच मला म्हणता येत होतं. तुला ते कळेल असं मी धरून चाललो, ती माझी चूक. तिला कळलं की नाही हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. ती आत गेली तेव्हा तुला जे वाटलं तेच मलाही वाटलं.

तुम्ही गेल्यावर ती बाहेर आली. आत्याला म्हणाली, हे वितळेल, वाटून टाकते. आत्याने मान डोलावली. ती डबा घेऊन गॅलरीत गेली आणि शेजारचं दार वाजवलं. शेजारीण म्हणाली, अगं, तुम्ही नाही का ठेवलेत? तिने सांगितलं, "तुम्ही घ्या. आमच्याकडे यंदा सण नाही."

मी आत उभा राहून ऐकत होतो. मग तिने पुढचं दार वाजवलं. पुढे आवाज नीट येईना, तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेलो. चाळ लांब आहे. ती प्रत्येक दारात तेच म्हणत गेली.

श्यामकांत